पोशाखाचा प्रश्न

चळवळीच्या बैठकीत फॅशनचा विषय निघाला की कार्यकर्ते हसतात. शिक्षण, नोकरी, जमीन, अत्याचार असे जीवनमरणाचे प्रश्न समोर असताना कपड्यालत्त्याची चर्चा कशाला, असे त्यांना वाटते. ही चर्चा पैसेवाल्यांची आणि रिकामटेकड्यांची, असाही एक समज आपल्यात रूढ आहे. परंतु ज्या व्यवस्थेने माणसाची किंमत जन्मावरून ठरवली, तिने ती किंमत दुरूनच ओळखू यावी म्हणून त्याच्या अंगावरच्या वस्त्राचा उपयोग करून घेतला, हे आपण विसरतो. जात कुणाच्या कपाळावर लिहिलेली नसते. ती लुगड्याच्या लांबीत, दागिन्याच्या धातूत आणि पायातल्या वहाणेत लिहून ठेवलेली होती. तेव्हा पोशाखाचा विचार करताना आपल्याला सौंदर्याच्या आधी सत्तेचा विचार करावा लागतो.

मनुस्मृतीचा दहावा अध्याय या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. चांडाळाने गावाबाहेर राहावे, प्रेतावरची वस्त्रे नेसावी, फुटक्या भांड्यात जेवावे आणि लोखंडाचे अलंकार घालावे, असे तेथे सांगितलेले आहे. शूद्राला जुनी झालेली वस्त्रे द्यावीत, असेही त्याच अध्यायात आहे. म्हणजे वस्तीचा, भांड्याचा आणि वस्त्राचा नियम एकाच कायद्यात बसवलेला आहे. अंगावर काय घालावे ही ज्याला आज आपण आवडनिवड म्हणतो, ती येथे राजदंडाच्या कक्षेतली गोष्ट होती.

हा केवळ पोथीतला नियम होता, असे कुणी म्हणेल. त्रावणकोर संस्थानात शाणार, म्हणजे नाडार स्त्रियांना छाती झाकण्यास मनाई होती. त्याविरुद्ध त्या स्त्रियांनी एकोणिसाव्या शतकात अनेक वर्षे लढा दिला, मार खाल्ला, त्यांची वस्त्रे भर बाजारात फाडली गेली. अखेर १८५९ साली संस्थानाने जाहीरनामा काढून अंग झाकण्याची परवानगी दिली. पण त्या परवानगीला एक अट होती. उच्च जातीच्या स्त्रिया ज्या पद्धतीने वस्त्र घेतात, त्या पद्धतीने मात्र घ्यायचे नाही! या अटीकडे नीट पाहिले पाहिजे. लज्जारक्षण एवढाच प्रश्न असता तर कापड मिळाल्यावर तो सुटला असता. वस्त्र घेण्याची ढब, म्हणजे आजच्या भाषेत जिला आपण स्टाईल म्हणतो, तीच राखीव ठेवायची होती.

आता महाडकडे वळू. २५ डिसेंबर १९२७ रोजी तेथे मनुस्मृतीचे दहन झाले, हे आपल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे जे भाषण केले, त्याचा उल्लेख त्या मानाने कमी होतो. लुगडे घोट्यापर्यंत येईल असे नेसा, गळ्यातल्या गळसऱ्यांचे ओझे आणि कोपरापर्यंतच्या चांदीच्या व कथलाच्या पाटल्या टाकून द्या, फाटके का असेना पण स्वच्छ वस्त्र वापरा, असा उपदेश त्यांनी केला. स्त्रियांनी तो तेथल्या तेथे अमलात आणला. एका ठिकाणी ग्रंथ जळत होता आणि दुसऱ्या ठिकाणी त्या ग्रंथातला नियम बायाबापड्या स्वतःच्या अंगावरून उतरवत होत्या. माझ्या मते ही दोन्ही कृत्ये एकाच सत्याग्रहाचे भाग आहेत आणि दुसऱ्याचे मोल पहिल्यापेक्षा कमी नाही.

बाबासाहेबांच्या सुटाबद्दलही हेच म्हणता येईल. गांधीजींनी सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराई येथे पंचा स्वीकारला. ज्याच्याकडे अंगभर वस्त्र होते त्याने ते सोडले, म्हणून तो त्याग ठरला. ज्यांच्या बापजाद्यांना उघड्या अंगाने राहायला लावले होते, त्यांनी कशाचा त्याग करायचा? त्यांच्या पुढाऱ्याने नीट शिवलेला सूट घातला आणि आज गावोगावच्या पुतळ्यांवर तो निळ्या रंगात उभा आहे. त्या सुटाची नक्कल म्हणून हेटाळणी करणाऱ्यांनी त्रावणकोरच्या जाहीरनाम्यातली अट एकदा आठवून पाहावी.

हा सारा इतिहास झाला, आता तसे काही उरलेले नाही, असे शहरात राहणाऱ्याला वाटू शकते. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सार्वजनिक ठिकाणी पादत्राणे किंवा नवे कपडे घालण्यास अडवणे, हा त्यात स्वतंत्र गुन्हा म्हणून लिहिलेला आहे. अंगावरचे कपडे जबरदस्तीने उतरवणे आणि मिशा काढणे यांचीही त्यात नोंद आहे. जे घडत नाही त्यासाठी संसद कायदा करीत नाही. २०२३ साली गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात, पालनपूर तालुक्यात, चांगले कपडे आणि गॉगल घातला म्हणून एका दलित तरुणाला मारहाण झाल्याची तक्रार पोलिसांत नोंदली गेली. महाडनंतर शहाण्णव वर्षांनी!

मी ज्या मीरा-भाईंदरमध्ये राहतो, तेथे असे होत नाही. मिठागरांच्या आणि मच्छीमारांच्या या गावांची १९८५ साली नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत येथे आठ लाखांवर माणसे मोजली गेली. कोकणातली, मराठवाड्यातली, गुजरात-राजस्थानातली, उत्तरेतली माणसे येथे एकाच इमारतीत राहतात. सकाळच्या लोकलला लोंबकळणाऱ्या माणसाच्या शर्टावरून त्याची जात सांगता येत नाही. तयार कपड्याने आणि गर्दीने मिळून हे काम केले आहे, आणि त्याबद्दल शहराचे ऋण मान्य केले पाहिजे. वस्तीतला पोरगा पहिल्या पगारात बूट आणि गॉगल घेतो, तेव्हा आपल्यातलेच शिकलेले, स्थिरावलेले लोक त्याला उधळ्या म्हणतात. शिष्यवृत्तीचे पैसे जीन्सवर घालवले म्हणून शिक्षक त्याला वर्गात बोलतात. त्याच्या आजोबाला जे घालण्याची बंदी होती ते तो घालतो आहे, एवढे तरी बोलण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.

याचा अर्थ बाजार जे विकेल ते अंगावर चढवावे, असा नाही. महाडचा उपदेश दागिने वाढवण्याचा नव्हता, उतरवण्याचा होता. स्वच्छता, नीटनेटकेपणा आणि ओझे टाकणे, एवढेच माप बाबासाहेबांनी दिले होते. हप्त्याने घेतलेल्या बुटाने पाय झाकले आणि घर कर्जात गेले, तर जुन्या मालकाच्या जागी नवा मालक आला एवढेच होईल. नवरात्रात रोज एका रंगाची साडी नेसण्याची जी पद्धत वर्तमानपत्रांनी वाढवली, ती आमच्याकडच्या लोकलच्या बायकांच्या डब्यात पाहावी. सगळा डबा एका रंगाचा झालेला असतो, बायका हसतात, फोटो काढतात. त्यात आनंद आहे, मी तो नाकारीत नाही. पण जिच्याकडे चारच साड्या आहेत तिला त्या नऊ दिवसांत रोज उत्तर द्यावे लागते. याउलट १४ एप्रिलला पांढरी किंवा निळी साडी नेसून निघणाऱ्या बाईला एकच साडी वर्षानुवर्षे पुरते आणि तिचा अर्थही तिला ठाऊक असतो.

येथवर अंगावर घालणाऱ्याचा विचार झाला. पोशाखाच्या प्रश्नाची दुसरी बाजू घडवणाऱ्याची आहे, आणि तिच्याकडे आपले लक्ष त्याहून कमी गेले आहे.

कोल्हापुरी चपलेचे उदाहरण घेऊ. ढोर समाजाने बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडे कमवायचे आणि चांभाराने ते कापून, शिवून, वेणी घालून चप्पल घडवायची, अशी ही विद्या आहे. वेणीचे बारीक काम बहुधा घरातल्या बाया करतात. कातड्याला हात लावतो म्हणून ज्याला गावाने दूर ठेवले, त्याच्या हातची वहाण पाटलाने मिरवली. २०१९ साली महाराष्ट्र आणि कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलान येथे तशाच घाटाच्या चपला मंचावर आणल्या, त्या केवळ चामडी सँडल म्हणून. ओरड झाली, तेव्हा या घाटामागे भारतीय कारागिरांची परंपरा असल्याचे कंपनीने मान्य केले. मुंबई उच्च न्यायालयात याचिकाही गेली. मानांकनाच्या नोंदणीकृत मालकांनी दाद मागावी, त्रयस्थांनी नव्हे, अशा आशयाने न्यायालयाने ती जुलैमध्ये फेटाळली. हे नोंदणीकृत मालक म्हणजे दोन्ही राज्यांची चर्मोद्योग महामंडळे. डिसेंबरमध्ये या महामंडळांशी कंपनीचा करार झाला आणि सुमारे आठशे युरो किमतीचे दोन हजार जोड येथे बनवण्याचे जाहीर झाले.

या सर्व गदारोळात भारताचा अपमान, महाराष्ट्राची अस्मिता असे शब्द भरपूर वापरले गेले. ढोर आणि चांभार हे शब्द फार थोड्यांनी उच्चारले. वस्तू राष्ट्राची झाली आणि माणूस मात्र जातीचा राहिला. आठशे युरोंपैकी कातडे कमवणाऱ्याच्या आणि वेणी घालणारीच्या हातात किती पडतील, हा हिशेब मागणे हे आता आपले काम आहे. मुंबईत सुधीर राजभर या कलावंताने आपल्या संस्थेला ‘चमार स्टुडिओ’ असे नाव दिले. शिवी म्हणून फेकला जाणारा शब्द त्याने मालावरची मुद्रा म्हणून छापला. टाकाऊ रबरापासून केलेल्या त्या पिशव्यांवर वस्तू आणि ती घडवणारा समाज यांची नावे वेगळी करता येत नाहीत. ही युक्ती सर्वांनी वापरावी असे नाही, पण तिच्यामागचा विचार सर्वांनी समजून घ्यावा.

आता हेच माप आपल्या गावाला लावू. मीरा-भाईंदरमध्ये शाळांच्या स्नेहसंमेलनात आणि सोसायट्यांच्या उत्सवात वेशभूषेच्या स्पर्धा होतात. कोळणीचा वेश हमखास बक्षीस मिळवतो. उत्तनच्या किनाऱ्यावर खऱ्या कोळणी मासळी विकतात, आणि त्याच टोपल्या घेऊन त्या आपल्या इमारतीच्या दारात बसल्या की वास येतो म्हणून रखवालदार त्यांना उठवतो. वारली चित्रांचे कुर्ते आवडीने घातले जातात. ती चित्रे लग्नाच्या वेळी भिंतीवर चौक लिहिणाऱ्या वारली बायांची आहेत आणि काशीमिऱ्याच्या बाजूला आदिवासी पाडे आहेत, याचा पत्ता कुर्ता घालणाऱ्याला नसतो. चाळींतून आणि झोपड्यांतून बाया तयार कपड्यांचे धागे कापतात, टिकल्या आणि मणी लावतात. मोबदला नगावर मिळतो. त्याच कपड्यावर पुढे कुणाचे नाव शिवले जाते, ते त्यांना कधी कळत नाही.

म्हणून शिक्षकांना माझे सांगणे आहे की वेशभूषेच्या स्पर्धेत मुलाला वेश चढवण्याआधी तो वेश ज्यांचा आहे त्यांच्या घरी न्यावे आणि शक्य तर परीक्षक म्हणून त्यांनाच बसवावे. विद्यार्थ्यांनी आपल्या आजीला विचारावे की तिच्या आईला काय नेसण्याची मनाई होती आणि ती कुणी मोडली. ही उत्तरे लिहून ठेवली नाहीत तर ती पिढी गेल्यावर मिळणार नाहीत. आणि कार्यकर्त्यांनी धागे कापणाऱ्या बायांचा नगामागचा दर वाड्यावाड्यांतून टिपून एकत्र मांडावा. फॅशनच्या विषयाला हसण्याऐवजी एवढे तीन उद्योग आपण हाती घेतले, तर महाडच्या स्त्रियांनी जे काम एका दिवसात सुरू केले ते थोडेफार पुढे जाईल.