कुंपणाआतले बेचाळीस किलोमीटर

मॅरेथॉन भरवण्यासाठी जे जे लागते त्यातील बहुतेक सारे सैनिकी तळावर आधीपासूनच हजर असते, म्हणजे पहाटे उठण्याची सवय असलेली माणसे, पाण्याचे टँकर, वैद्यकीय पथक, वाहतूक अडवण्यास सरावलेले पहारेकरी आणि शेकडो जणांचा चहा एका वेळी उकळणारा लंगर. नसतो तो फक्त रस्ता. ४२.१९५ किलोमीटर हे अंतर शहराला सहज पेलते, कारण शहर पसरलेले असते. तळ मात्र कुंपणाने, तारांनी किंवा मातीच्या बांधाने आखलेला असतो आणि त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर पुष्कळदा दोन-तीन किलोमीटरच भरते. त्यामुळे तळावरची छोटी मॅरेथॉन, म्हणजे पन्नास ते तीनशे धावकांची आणि बाहेरचे प्रेक्षक नसलेली शर्यत, ही एका लांब रस्त्याची घडी घालून तो लहान जागेत बसवण्याची कला ठरते, आणि तिचे बरेचसे गुणदोष या घडीतूनच निघतात.

या शर्यतीचे सैन्याशी असलेले नाते मात्र नवे नाही. हिरोडोटसने ज्या फायडिपिडीझचा उल्लेख केला आहे तो व्यवसायाने दिवसभर धावून निरोप पोहोचवणारा दूत होता, आणि त्या वृत्तांतानुसार तो मॅरेथॉनच्या लढाईपूर्वी मदत मागण्यासाठी अथेन्सहून स्पार्टाला, म्हणजे सुमारे २४० किलोमीटरवर, धावत गेला. विजयाची वार्ता सांगून कोसळून मरण पावलेल्या दूताची लोकप्रिय कथा हिरोडोटसमध्ये नाही, ती कित्येक शतकांनंतरच्या लेखनातून आली आहे. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ही शर्यत प्रथम धावली गेली तेव्हा सुमारे ४० किलोमीटरचे अंतर २ तास ५८ मिनिटे ५० सेकंदांत कापून जिंकणाऱ्या स्पिरिडॉन लुईसला मैदानावर आणणारे कर्नल पापाडियामांटोपुलोस हे त्याच्या लष्करी सेवेतील अधिकारी होते, आणि शर्यत सुरू करण्याचा इशाराही त्यांनीच दिला. आजचे ४२.१९५ किलोमीटरचे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विंडसर किल्ल्यापासून स्टेडियमपर्यंतच्या मार्गावरून आले आणि १९२१ मध्ये ते अधिकृत झाले. याच हट्टी आकड्याने तळावरच्या आयोजकांना पुढे पेचात पाडले.

अशा शर्यतींना विशेष बहर आला तो २००१ नंतर अफगाणिस्तान आणि इराकमधील अमेरिकी तळांवर. घरच्या शहरातील नामांकित मॅरेथॉनच्या नावाने, तिच्या आयोजकांच्या संमतीने आणि बहुधा त्यांनीच धाडलेल्या पदकांसह परमुलखातील तळावर धावली जाणारी शर्यत ‘शॅडो रन’ म्हणून ओळखली जाते. मराठीत तिला छायामॅरेथॉन म्हणता येईल. हवाई बेटांवर मुख्यालय असलेल्या २५ व्या पायदळ डिव्हिजनच्या तुकड्या २००४ मध्ये अफगाणिस्तानात होत्या, आणि त्यावर्षीच्या डिसेंबरात होनोलुलू मॅरेथॉनची छायाशर्यत उरुझगान प्रांतातील तारिन कोट येथे, समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरहून अधिक उंचीवर, धावली गेली. होनोलुलूची मूळ शर्यत पहाटे ५ वाजता सुटते, आणि त्या क्षणी अफगाणिस्तानात त्याच दिवसाचे सायंकाळचे साडेसात वाजलेले असतात; एकाच तारखेला दोन्ही ठिकाणी सकाळी धावायचे झाल्यास सावली देहाच्या आधीच अंतिम रेषा ओलांडते.

पुढच्याच वर्षी, २००५ च्या वसंतात, बॉस्टन मॅरेथॉनची अशीच एक आवृत्ती दक्षिण इराकमधील तल्लील हवाई तळावर झाली. नासिरियाजवळच्या या तळाचे वैशिष्ट्य असे की त्या काळात त्याच्या कुंपणाच्या आत उर नगरीचा झिग्गुरात, म्हणजे इसवी सनापूर्वी एकविसाव्या शतकात उर-नम्मू राजाने बांधवलेला विटांचा पायऱ्यापायऱ्यांचा मंदिर-मनोरा, येत होता. चार हजार वर्षांपूर्वीची वास्तू आणि लढाऊ विमानांची धावपट्टी एकाच पहाऱ्यात असलेली अशी जागा शर्यतीच्या इतिहासात विरळाच. या प्रकरणात एक गंमतही दडलेली आहे. जागतिक विक्रमासाठी मार्गाची सुरुवात आणि शेवट यांतील सरळ अंतर शर्यतीच्या निम्म्याहून अधिक नसावे, तसेच एकूण उतार किलोमीटरमागे एका मीटरहून अधिक नसावा, असे नियम आहेत. बॉस्टनचा मार्ग एका दिशेने जाणारा आणि किलोमीटरमागे तीन मीटरांहून अधिक उतरणारा असल्याने तो या दोन्हींत बसत नाही, आणि म्हणूनच २०११ मध्ये जेफ्री मुताईने तेथे नोंदवलेली २ तास ३ मिनिटे २ सेकंदांची वेळ तोवरची सर्वांत जलद असूनही जागतिक विक्रम मानली गेली नाही. उलट जिथून सुटायचे तिथेच परतायचे असा फेऱ्यांचा मार्ग, मग तो धुळीने माखलेला का असेना, या दोन अटी आपोआप पाळतो. अमेरिकी मरीन कोअरची १९७६ पासून चालणारी आणि रोख बक्षिसे न देणारी मॅरेथॉनही पुढे अशाच ‘फॉरवर्ड’ आवृत्त्यांतून इराक, अफगाणिस्तान आणि जिबूतीपर्यंत पोहोचली.

रस्त्याची घडी कशी घालतात हे एका कल्पित उदाहरणावरून समजून घेता येते. तळाच्या कुंपणालगत गस्तीच्या गाडीसाठी केलेला जो रस्ता असतो, ज्याला तळावर सर्रास ‘पेरिमीटर रोड’ म्हणतात, त्याची एक फेरी ५,२०० मीटर भरली असे समजू. आठ फेऱ्यांचे ४१,६०० मीटर होतात आणि ५९५ मीटर उरतात. ते भरून काढण्यासाठी एका बाजूला २९७.५ मीटर जाऊन परत फिरायचे, म्हणजे त्या ठिकाणी एक शंकू ठेवायचा आणि त्याला वळसा घालायला लावायचा. पण मोजणीचा नियम येथे थांबत नाही. मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून मोजणीत एक सहस्रांश वाढ धरली जाते, म्हणजे दर किलोमीटरला एक मीटर, आणि पूर्ण मार्ग सुमारे ४२,२३७ मीटरचा आखला जातो. मग उरणारे अंतर ६३७ मीटर होते आणि तो शंकू २१ मीटर पुढे, ३१८.५ मीटरवर सरकतो. जाणते आयोजक हा वळसा शेवटच्या फेरीनंतर न ठेवता पहिल्या फेरीच्या आधी ठेवतात, कारण ताजेतवाने धावक घोळक्याने जातात आणि शंकू कोणाच्या नजरेतून सुटत नाही, तर चाळीस किलोमीटर धावून थकलेला माणूस वळायचे विसरून सरळ अंतिम रेषेकडे जाण्याची भीती असते.

ही मोजणी मनगटावरच्या घड्याळाने किंवा गाडीच्या मीटरने होत नाही. सायकलच्या पुढच्या चाकाच्या आसाशी बसवलेले ‘जोन्स काउंटर’ नावाचे साधे दातेरी यंत्र, जे चाकाच्या एका फेऱ्यात वीसहून अधिक अंक पुढे सरकते, आजही या कामात प्रमाण मानले जाते. प्रथम पोलादी फितीने निदान ३०० मीटरचा एक सरळ पट्टा आखतात, त्यावरून सायकल चार वेळा चालवून एका किलोमीटरला किती अंक पडतात ते काढतात, मग मार्ग मोजतात आणि शेवटी पुन्हा त्याच पट्ट्यावर चार वेळा चालवून ताळा पाहतात, कारण ऊन चढले की टायरमधील हवा फुगते, चाक किंचित मोठे होते आणि त्याच अंतराला कमी अंक पडू लागतात. फीतही उन्हाने वाढते. २० अंश सेल्सिअसला बरोबर असलेली पोलादी फीत ४० अंशांत ३०० मीटरमागे सुमारे सात सेंटिमीटर लांबते, आणि ती चूक दुरुस्त न करता तशीच पुढे नेली तर पूर्ण मॅरेथॉन दहाएक मीटरने लांबट आखली जाते. मोजणारा सायकलस्वार रस्त्याच्या मधून न जाता वळणाच्या आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटरवरून जातो, कारण धावणाऱ्याला उपलब्ध असलेली सर्वांत जवळची वाट हाच मार्ग मानला जातो. मरुभूमीतील तळावर डांबराची कड नसते, मुरूम आणि चाकोऱ्या असतात, त्यामुळे जवळची वाट कोणती हे आधी ठरवून चुन्याने रेघ मारावी लागते; गस्तीची गाडी तीवरून गेली की रेघ पुसते.

घडी घातलेल्या रस्त्याचा दुसरा प्रश्न फेऱ्या मोजण्याचा. बुटाला चिप आणि जमिनीवर चटई अशी सोय लहान शर्यतीला क्वचितच परवडते, म्हणून दोन माणसांची जोडी बसते. एक जण जाणाऱ्याचा क्रमांक मोठ्याने उच्चारतो आणि दुसरा तो वेळेसह लिहितो. साठ धावक आणि आठ फेऱ्या म्हणजे ४८० नोंदी होतात. यात चूक होणारच, पण ती कागदावरच सापडते. प्रत्येक फेरी तीस मिनिटांत करणाऱ्याच्या नावापुढे एकाएकी एकसष्ट मिनिटांची फेरी दिसली, तर तो झाडाखाली झोपला नव्हता, लिहिणाराच एक नोंद चुकला, हे उघड असते. धावकाच्या बाजूने पाहता फेऱ्यांचा मार्ग निर्दयच म्हणावा लागेल, कारण त्याला आपल्याच बराकीसमोरून, आपल्याच लंगरातल्या फोडणीच्या वासातून आठ वेळा जावे लागते आणि शर्यत सोडून देणे प्रत्येक वेळी तितकेच सोपे असते. एका दिशेच्या मार्गावर सोडून दिले तरी परत यावेच लागते.

हवाई तळावर याखेरीज एक निराळेच पथ्य असते. विमानाचे जेट इंजिन समोरची हवा प्रचंड जोराने आत ओढते आणि तिच्याबरोबर खडा, खिळा किंवा तारेचा तुकडा गेला तर आतील पाती निकामी होऊ शकतात. अशा कोणत्याही आगंतुक वस्तूला हवाई दलांत ‘एफओडी’ म्हणतात, आणि ती वेचण्यासाठी माणसे एका ओळीत, नजर जमिनीवर खिळवून धावपट्टीवरून चालत जातात. शहरातील मॅरेथॉनमध्ये जे रस्ताभर पडलेले असते, म्हणजे कागदी पेले, जेलची पाकिटे आणि छातीवरचा क्रमांक टाचणाऱ्या सेफ्टी पिना, ते सारे येथे अपराधात जमा होते. म्हणून धावपट्टीजवळून जाणाऱ्या मार्गावर पाणी जागेवर थांबून पिण्याची आणि पेला तेथेच टाकण्याची सक्ती असते. यात दर खेपेस काही सेकंद जातात, पण पाणी अंगावर सांडण्याऐवजी पोटात जाते हाही लाभच.

उन्हाच्या बाबतीत मात्र तळाने शहराकडून घेण्याऐवजी शहरालाच दिले आहे. दक्षिण कॅरोलिनातील पॅरिस आयलंड या मरीन प्रशिक्षण तळावर रंगरूट उष्माघाताने कोसळत असल्याने १९५० च्या दशकात ‘वेट बल्ब ग्लोब तापमान’ ही मोजणी तेथे रुजली. ओल्या कापडात गुंडाळलेला, काळ्या पोकळ गोळ्यात ठेवलेला आणि सावलीत टांगलेला अशा तीन तापमापकांची वाचने त्यात अनुक्रमे सात, दोन आणि एक या दशांश प्रमाणात मिसळतात, आणि त्यामुळे नुसते तापमान न कळता घाम वाळेल की नाही हे कळते. याच आकड्यानुसार तळावर हिरवा, पिवळा, तांबडा आणि काळा असे ध्वज चढतात, ३२.२ अंशांवर काळा ध्वज लागला की अनावश्यक व्यायाम बंद होतो. रस्त्यावरच्या मोठ्या शर्यतींत आज दिसणारे रंगीत इशारे याच कुळातले आहेत. कोकण किनाऱ्यावर किंवा मुंबईत ३० अंशांची दमट सकाळ विदर्भातील कोरड्या ३६ अंशांहून जड का वाटते, याचे उत्तरही त्या ओल्या कापडाला दिलेल्या सात दशांशांत आहे. पाणी पीत राहा, हा जुना उपदेश मात्र दोन्हीकडे अंगाशी आला. अतिरिक्त पाण्याने रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरते हे आधी धावकांत आणि मग रंगरुटांतही दिसल्याने अमेरिकी सैन्याने १९९८ च्या सुमारास आपली पाण्याची परिमाणे बदलली, आणि २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावकांपैकी १३ टक्क्यांत सोडियम कमी आढळले. उष्माघात झालेल्याला आधी बर्फाच्या पाण्यात बसवून गार करावे आणि मगच रुग्णालयात न्यावे, हा नियम पाळणे तळावर सोपे जाते. टब, बर्फ आणि आज्ञा मानणारी माणसे तिन्ही हाताशी असतात.

भारतात छावणी आणि दीर्घ पल्ल्याचे धावणे यांचे नाते शर्यतींपेक्षा धावकांतून अधिक दिसते. अनवाणी धावण्यासाठी प्रसिद्ध असलेला बिहारचा शिवनाथ सिंग सैन्यातला होता. तो १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये अकरावा आला आणि १९७८ मध्ये जालंधरला त्याने नोंदवलेला २ तास १२ मिनिटांचा राष्ट्रीय विक्रम चार दशकांहून अधिक काळ अबाधित राहिला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमधील भारताचे तिन्ही पुरुष मॅरेथॉनपटू, टी. गोपी, खेता राम आणि नितेंद्रसिंग रावत, सैनिकच होते, आणि त्यांतील पहिल्या दोघांच्या वेळांत अवघ्या एका सेकंदाचे अंतर होते. या घडणीत पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटचा वाटा मोठा आहे. सामान्य जवानाची धाव मात्र शारीरिक चाचणीतील २.४ किलोमीटर आणि पाठीवर वजन व हाती रायफल घेऊन धावायचे पाच किलोमीटर यांभोवती बांधलेली असते, आणि पाच किलोमीटर तडफेने कापणारा गडी तिसाव्या किलोमीटरला साखर संपून बसतो, हे पलटणीतल्या उस्तादाला नव्याने शिकावे लागते.

तळावरच्या धावण्याने एकदा सैन्यालाच अडचणीत आणले. धावण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या स्ट्राव्हा या कंपनीने नोव्हेंबर २०१७ मध्ये आपल्या वापरकर्त्यांच्या मार्गांचा जागतिक नकाशा प्रसिद्ध केला, ज्यात जिथे जास्त धावले जाते तिथे रेघ अधिक उजळते. जानेवारी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका विद्यार्थ्याने दाखवून दिले की सीरिया आणि अफगाणिस्तानातील काळोख्या वाळवंटात मधेच बंद वाटोळ्या आकृती चमकत आहेत, आणि त्या तेथील सैनिकी तळांच्या आहेत. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने मोहिमेवरील सैनिकांना स्थान नोंदवणारी साधने वापरण्यास बंदी केली. शहरातील धावकाची रेघ गर्दीत मिसळते. तळावर मात्र साठ जणांनी घड्याळ बांधून आठ फेऱ्या मारल्या, तर लिहिणाऱ्याच्या कागदावर पडणाऱ्या त्या ४८० नोंदी नकाशावरही एकमेकींवर पडतात, आणि ४८० वेळा गिरवलेली ती रेघ कुंपणाची असते.