पावलाचा सांधा आणि योग्य तज्ज्ञाची निवड



यहूदाचा राजा आसा याने ४१ वर्षे राज्य केले आणि वृद्धापकाळी त्याच्या पायांना रोग जडला, असे राजांच्या पहिल्या पुस्तकात नमूद आहे. तो रोग पोडाग्रा, म्हणजे आजच्या भाषेत गाऊट होता, असे तालमूदमधील ज्ञानी सांगतात. इतिहासाचे दुसरे पुस्तक आसाला दोष देते, की त्याने परमेश्वराला शरण न जाता केवळ वैद्यांचा आश्रय घेतला. यावरून वैद्याकडे जाणे हीच श्रद्धेतील उणीव, असे कोणी समजू नये. जखमी माणसाला बरे करवून द्यावे, अशी आज्ञा निर्गमाच्या २१व्या अध्यायात आहे, आणि वैद्याला उपचाराची अनुज्ञा आपल्या राब्बींनी तिच्यातूनच काढली. प्रश्न उरतो तो एवढाच, की कोणत्या वैद्याकडे जावे?

मुंबईत आपण पाय दुखला की थेट हाडांच्या डॉक्टरांकडे जात असू. येथे सँडरिंगहॅममध्ये राहणाऱ्याला सार्वजनिक रुग्णालयातील तज्ज्ञापर्यंत पोहोचायचे, तर आधी आपल्या जीपींकडे जावे लागते. ते रुग्णालयाला चिठ्ठी लिहितात. तेथील डॉक्टर रुग्णाला न पाहता केवळ ती चिठ्ठी वाचून कोणत्या विभागात आणि किती तातडीने बोलवायचे ते ठरवतात. म्हणून ‘पाय दुखतो’ एवढेच सांगून उठू नये. तुमच्या तोंडून निघालेले तपशीलच चिठ्ठीत उतरतात आणि रांगेतील तुमची जागा ठरवतात.

एका पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे असतात. तेव्हा प्रथम एका बोटाने दुखरी जागा दाखवावी. दुखणे अचानक आले की हळूहळू, सकाळी सांधे किती वेळ आखडलेले राहतात, किती चालल्यावर थांबावे लागते, कोणती औषधे चालू आहेत, हे कागदावर लिहून न्यावे. नेहमीचे जोडेही बरोबर न्यावेत. झिजलेला तळ पुष्कळ काही सांगतो.

आता तज्ज्ञांविषयी. अंगठ्याच्या मुळाचा सांधा रात्रीतून लाल होऊन सुजला आणि चादरीचा स्पर्शही सोसवेना, तर गाऊटची शंका घ्यावी. त्यावर बहुधा जीपीच उपचार करतात. झटका चालू असताना रक्तातील युरिक अॅसिड कधी कधी योग्य प्रमाणात दिसते, म्हणून एका तपासणीवर निश्चिंत होऊ नये. दोन्ही पावलांचे लहान सांधे सुजत असतील आणि सकाळचा ताठरपणा तासभर टिकत असेल, तर संधिवाततज्ज्ञ, म्हणजे रुमॅटॉलॉजिस्ट हवा. चाल, जोडे, कुरूप आणि आधाराचे तळवे यांसाठी पोडायट्रिस्ट आहे. त्याच्याकडे चिठ्ठीवाचून जाता येते, मात्र फी सहसा स्वतःच भरावी लागते. सांधा झिजला किंवा वाकडा झाला आणि या उपायांनी भागले नाही, तर ऑर्थोपेडिक सर्जन, आणि शक्यतो पाऊल व घोटा हेच ज्याचे विशेष क्षेत्र आहे असा. त्यासाठीचा एक्स-रे शक्य तेव्हा उभे राहून काढलेला असावा, कारण भार पडल्यावरच सांध्याची खरी स्थिती दिसते.

पाय मुरगळून किंवा पडून दुखावला असेल, तर पहिल्याच भेटीत तसे स्पष्ट सांगून एसीसीचा दावा नोंदवावा. वयानुसार होणाऱ्या झिजेला एसीसी साहाय्य देत नाही. खासगी तज्ज्ञाकडे जाणार असाल, तर त्याची नोंदणी आणि विशेष क्षेत्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदवहीत कोणालाही पाहता येते.

एका गोष्टीत मात्र रांगेची वाट पाहू नये. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झालेल्या माणसाचे एक पाऊल लाल, गरम आणि सुजलेले दिसले, तर ते दुखत नसले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि तोवर त्यावर भार देऊ नये. त्या पावलाची हाडे आतून खचू लागलेली असू शकतात. दुखत नाही म्हणून चालत राहिल्यास पाऊल कायमचे विद्रूप होते. ताप येऊन एखादा सांधा सुजला, तरीही आपत्कालीन विभाग गाठावा. रात्री-अपरात्री सल्ला हवा असल्यास हेल्थलाइनचा ०८०० ६११ ११६ हा क्रमांक विनामूल्य आहे.

शेवटी आपल्या वडीलधाऱ्यांसाठी. इंग्रजीत दुखणे नीट सांगता येत नसेल, तर भेटीची वेळ ठरवतानाच मराठी दुभाषी मागावा. सार्वजनिक रुग्णालयात तो विनामूल्य मिळतो, आणि सोबतीला आपले माणूस नेण्याचा हक्क १९९६च्या रुग्णहक्क संहितेने दिलेला आहे. नातवंडांवर हे ओझे टाकू नये. आजीचे दुखणे नातू अर्धेच सांगतो, आणि चिठ्ठीतही ते अर्धेच उतरते.

परमेश्वर सर्व आजाऱ्यांना रेफुआ शलेमा देवो.