सुकाणू सोडवताना

खंडेनवमीला झेंडूची माळ घालायची म्हणून जीपवरची ताडपत्री काढली. सहज स्टेअरिंगला हात लावला, तर ते जागचं हलेना. दोन पावसाळे गाडी छपराखाली उभी होती. किन्हवलीचा पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला याचं नवल वाटणार नाही. चार महिने खाचरात पाणी आणि हवेतही पाणीच. त्यात उभं ठेवण्याआधी गाडीला ग्रीस मारलं नव्हतं, ही चूक माझी.

गाडी विलीजच्या सीजे-३बी घराण्यातली. अमेरिकेत हे मॉडेल १९५३ मध्ये आलं. उंच इंजिन मावावं म्हणून त्याचं बॉनेट उंच केलेलं, त्यामुळे ती लांबूनही ओळखू येते. अमेरिकेत १९६८ मध्ये ते बंद झालं, पण आपल्याकडे महिंद्रनं परवान्यावर पुढेही ते बनवणं चालू ठेवलं. आसनगाव स्टेशनपासून किन्हवली, सरळगावपर्यंत एसटी चुकलेल्या माणसाला जीपचाच आधार असे. अशी गाडी भंगारात घालायला मन धजत नाही.

जाम झालेलं स्टेअरिंग जोर लावून फिरवू नये. आधी कुठे अडलंय ते शोधावं. जॅकनं पुढचा भाग उचलला, खाली भक्कम ठोकळे दिले. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. ड्रॅग लिंक सुटी केली, तर स्टेअरिंग बॉक्स मोकळा फिरला. दोन्ही टाय रॉड सोडले, तर चाकंही हातानं वळली. उरला मधला बेलक्रँक. पुढच्या क्रॉस मेंबरवरच्या पिनेवर फिरणारा हा तुकडा ड्रॅग लिंकचा ओढा दोन्ही टाय रॉडना वाटून देतो. त्याचं ग्रीस निप्पल चिखलानं बुजलं होतं.

पीन आणि भोक यांच्यात केसाएवढी फट असते. लोखंड गंजलं की मूळच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतं. फटीत हा फुगलेला गंज भरतो आणि पीन आवळली जाते. वरून घण घातला तर पिनेचं डोकं पसरतं, आटे जातात, आणि पीन आणखीच घट्ट बसते. म्हणून काम ताकदीचं नाही, जागा करून देण्याचं आहे.

तारेच्या ब्रशनं सांधा घासला आणि तीन दिवस सकाळ-संध्याकाळ त्यात डिझेल सोडलं. प्रत्येक वेळी हातोडीनं चहूबाजूंनी हलके ठोके. त्या धक्क्यांनी गंजाला बारीक चिरा पडतात आणि वातीनं तेल ओढावं तसं डिझेल आत ओढलं जातं. टाय रॉडचे निमुळते सांधेही असेच सोडवले होते: नट शेवटच्या आट्यांवर ठेवून आर्मच्या भोकाच्या दोन्ही बाजूंनी एकाच वेळी दोन हातोड्या. सांध्यात पाचरीसारखा फोर्क ठोकला तर काम पटकन होतं, पण रबराची टोपी फाटते.

चौथ्या दिवशी आच दिली. २५ मिलिमीटरचं भोक ३०० अंशांनी तापवलं की जेमतेम ०.०९ मिलिमीटर मोठं होतं. तेवढंही पुरतं, मात्र आतली पीन तापण्याआधी बाहेरचं अंग तापलं पाहिजे. त्याआधी डिझेल पुसून काढावं, जवळची रबरं काढावीत. स्टेअरिंगचे आर्म लालबुंद करू नयेत, गरम भागावर पाणी ओतू नये. पोलादाचा गुण जातो. आच काढून सांध्याला मेणबत्ती टेकवली, मेण आत शिरलं, आणि पाना नखभर हलला. पुढे, मागे, पुन्हा पुढे. प्रत्येक फेरीला तांबूस चिखल बाहेर येत राहिला.

सुटलेला बेलक्रँक काकवीत घातला. एक भाग काकवी, नऊ भाग पाणी, झाकलेली बादली, दहा दिवस. वास उग्र येतो, पण गंज विरघळतो आणि लोखंड जवळजवळ तसंच राहतं. अॅसिडपेक्षा मला हे बरं वाटतं. अॅसिडनं कडक पोलाद ठिसूळ होऊ शकतं. ॲल्युमिनियमचे भाग मात्र काकवीत घालू नयेत. बाहेर काढल्याबरोबर धुऊन, वाळवून तेल चोळावं, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस झाक दिसते.

पिनेवर खड्डे पडले होते. ती टाकलीच. सुटलेला प्रत्येक भाग परत वापरण्याजोगा नसतो, आणि स्टेअरिंगच्या बाबतीत काटकसर नको. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ९८ वा नियम सांगतो की स्टेअरिंग व्हीलवरचा खेळ ३० अंशांपेक्षा जास्त असू नये, बॉल जॉइंटला रबरी टोप्या असाव्यात आणि बोल्ट-पिना पक्क्या अडकवलेल्या असाव्यात. त्यामुळे स्प्लिट पिना सगळ्या नव्या. बॉक्समध्ये ग्रीस कोंबण्याची आपल्याकडे सवय आहे; ते बाजूला सरकलं की परत जागेवर येत नाही. तिथे ९० नंबरचं तेलच घातलं.

शेवटी ग्रीस गन लावली. आधी बेलक्रँकमधून थोडं मळकट ग्रीस आलं, मग स्वच्छ. दिवाळीच्या तोंडावर भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरात जीप उतरवली आणि एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत, दोन्हीकडे पूर्ण वळवत, संध्याकाळपर्यंत फिरवली.