दुबईला गेलेले बाबा

बाप तुरुंगात गेला, की घरातल्या लहानग्याला सांगितलं जातं, ‘बाबा दुबईला कामाला गेलेत.’ सुटका जवळ आली, की आजी आम्हा समाजसेवकांना बाजूला घेऊन विचारते, ‘ताई, आता पोराला काय सांगायचं?’

जन्मठेपेच्या एका बंद्याच्या घरी आम्ही नातवाला समोर बसवून खरं सांगायचं ठरवलं. आजीला शब्द फुटेना. मुलगाच म्हणाला, ‘मला ठाऊक आहे. दुसरीत असतानाच वर्गातल्या पोरांनी सांगितलं. आजीला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.’ आजीने पदर डोळ्यांना लावला. इतकी वर्षं दोघं एकमेकांना जपत होती.

मुलाला काहीच कळत नाही, हा मोठ्यांचा समज आम्ही घराघरांत कोसळताना पाहिलाय.

आई तुरुंगात असेल तर सहा वर्षांपर्यंतचं मूल तिच्याजवळ राहू शकतं; सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली त्याबद्दल सविस्तर निर्देश दिले. बापाच्या वाट्याला मात्र मुलाखतीची जाळी किंवा काच येते. महाराष्ट्रातल्या कारागृहांत शिक्षाबंद्यांसाठी मुलांना जवळ घेऊ देणारी ‘गळाभेट’ सुरू झाली, तेव्हा मुलं प्रथमच बापाच्या मांडीवर बसली. शिक्षा भोगताना मिळणाऱ्या संचित रजेवर अधूनमधून घरी येऊन गेलेला बापही पोरांना अगदी परका वाटत नाही. पण देशातल्या कैद्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश न्यायाधीन, म्हणजे खटला अजून चालू असलेले आहेत. त्यांना ही रजा नसते, आणि जामीन झाला की माणूस कधीकधी घरच्यांना कळायच्या आत दारात उभा राहतो.

असाच एक जण घरी आला, तर चार वर्षांची लेक त्याला ‘काका’ म्हणाली. तो बायकोवर चिडला, जेवलाही नाही. आमच्यातल्या एका जुन्या कार्यकर्तीने त्याला समजावलं, ‘दादा, तिला जवळ ये म्हणू नका. रोज बालवाडीत सोडा आणि आणा, एवढंच करा.’ त्याने ते नेमाने केलं. काही महिन्यांनी एके दिवशी त्याला यायला उशीर झाला. शेजारीण न्यायला आली, पण पोरगी पायरीवरून उठेना. ‘माझे बाबा येणारेत,’ म्हणाली.

सुटणाऱ्या माणसासाठी गाडीभाडं, कागदपत्रं, काम यांची जुळवाजुळव होते. त्याच्याही आधी कुणीतरी त्याच्या मुलाशी बोलायला हवं. मुलाला खरं सांगावं, त्याचा राग ऐकून घ्यावा आणि बापाला बजावावं, की हक्क सांगू नकोस, रोज वेळेवर हजर राहा. मूल त्यावरूनच बापाला ओळखतं.