उरलेल्या भाताचे भानोळे



खोडव्याचे पाचट जाळू नका, हे सांगता सांगता आमचा घसा बसला. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते, ते सरीत कुजवले तर जमिनीच्या पोटात जाते. पण घरच्या पातेल्यात रोज काय उरते, तिकडे मात्र आम्ही कधी पाहिले नव्हते.

मागच्या माघात मुळशीतले प्लॉट पाहून परतताना बावधनला बहिणीकडे मुक्काम पडला. बावधन बुद्रुक २०२१ साली पुणे महापालिकेत गेले, भातखाचरांच्या जागी इमारती आल्या. पण बहिणीच्या परसात चूल अजून आहे. आदल्या दिवशी भाचीचा साखरपुडा झालेला. भात, भाकरी, मटकीची उसळ ढिगाने उरलेली. बहीण म्हणाली, "टाकून देते दादा. मागल्या उन्हाळ्यात शिळ्या भातानं पोरगं दवाखान्यात नेलं होतं." सासूबाईंनी १९७२ चा दुष्काळ काढलेला, सुकडी आणि मिलोच्या भाकरीवर. त्या कडाडल्या, "अगं, अन्न आहे ते!"

दोघींचेही खरे. निवाडा आमच्याकडे आला. रात्रभर बाहेर राहिलेला भात आम्ही कंपोस्टच्या खड्ड्यात घालायला लावला. शिजवूनही न मरणारे जंतू भातात असतात. भात बाहेर राहिला की ते विष सोडतात आणि ते पुन्हा उकळूनही जात नाही. जेवणे होताच फ्रीजमध्ये गेलेले डबे तेवढे बाहेर काढले.

पुढचे काम सासूबाईंचे. भाकरी कुस्करून ताकात भिजवली. भातात मूठभर बेसन, कांदा, मिरची, ओवा, कोथिंबीर. जाड बुडाच्या पातेल्याला तेल लावून तळाशी केळीचे पान, त्यावर भाकरी, मग कोरडी आटवलेली उसळ, वर भात. झाकणावर निखारे, खाली मंद जाळ. मुंबईचे पाठारे प्रभू भानोळे असेच वर-खाली विस्तव ठेवून भाजत. नाव आम्ही तिथूनच उसने घेतले, सासूबाई त्याला नुसता 'थर' म्हणतात. पाऊण तासाने कडा तांबूस झाल्या आणि घरभर ओव्याचा वास सुटला.

पोरगे आधी लांबच बसले होते. खरपूस कडेचा तुकडा मात्र त्यानेच मागून घेतला. बहीण काही बोलली नाही, तिने ताटात तुपाची धार धरली.

गॅसवर करायचे तर पातेल्याखाली जुना तवा ठेवावा. वरून निखारे नसल्याने अर्ध्या वेळाने थर ताटात काढून उलटा करावा लागतो, आणि तिथे तो हमखास मोडतो. चवीला काही फरक पडत नाही.