नाव दगडावर, देह कुठे?

बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्राशी नाते सांगणारी घरे सीमाभागात गावोगाव आहेत. दुसऱ्या महायुद्धाचा विषय निघाला की अशा घरांत नाईक यशवंत घाडगे यांचे नाव येतेच. माणगाव तालुक्यातले (जि. रायगड) घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, माणगावात पुतळा झाला. समाधी मात्र नाही. ज्यांचे दफनस्थान कळले नाही अशा चार हजारांहून अधिक नावांत, कासिनोच्या स्मारकावर, त्यांचे नाव आहे.

ब्रिटिशांनी १९१७ साली युद्धसमाधी आयोग स्थापला. मृतदेह मायदेशी न्यायचा नाही आणि उमरावाचा मुलगा असो की शेतकऱ्याचा, दगड सारखाच, असा त्याचा नियम. सैनिकाच्या गळ्यात दोन बिल्ले असत. तांबडा गोल बिल्ला नोंदीसाठी काढून न्यायचा, हिरवा अष्टकोनी देहाबरोबर ठेवायचा. पण हे बिल्ले पुठ्ठ्यासारखे, मातीत कुजून जाणारे! हिंदू आणि शीख जवानांना अग्नी दिला जाई. सांग्रो नदीकाठी अशा पाचशेहून अधिक भारतीयांचे स्मारक आहे. इकडे घरच्यांना मिळे तो फक्त निरोप. मग दिवस घालायचे ते कशावर? आणि दगडाची ती समानताही सर्वांच्या वाट्याला आली नाही. पहिल्या महायुद्धातील आफ्रिका-आशियातल्या हजारो सैनिकांवर, त्यांत भारतीयही आले, अन्याय झाल्याचे आयोगाने २०२१ साली मान्य करून माफी मागितली.

स्वतंत्र भारतातही १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत बहुतेकांवर आघाडीजवळच अंत्यसंस्कार झाले. तिरंग्यातली शवपेटी गावापर्यंत येऊ लागली ती १९९९ च्या कारगिलपासून.

३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनमध्ये साडेएकोणीस हजार फुटांवर दहा जवान हिमकड्याखाली गाडले गेले. लष्कराने श्वानपथक लावून बर्फ कापला. धारवाड जिल्ह्यातले हणमंतप्पा कोप्पद सहा दिवसांनी जिवंत सापडले, पण ११ फेब्रुवारीला दिल्लीत गेले. उरलेल्या नऊ जणांत साताऱ्याचे सुनील सूर्यवंशी होते. सगळ्यांचे देह मिळाले. एकाच आठवड्यात कानडी आणि मराठी, दोन्ही घरांत रडणे उठले. ‘हुतात्मा’ हा शब्द दोन्ही भाषांत एकच, हे तेव्हा फार जाणवले.

सर्वांच्या नशिबी तेवढेही नसते. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी १०२ जणांना घेऊन जाणारे हवाई दलाचे विमान रोहतांगजवळ बेपत्ता झाले. पहिले अवशेष २००३ साली सापडले. २०२४ मध्ये, ५६ वर्षांनी, आणखी चार देह मिळाले. अंगावर सापडलेल्या कागदांवरून ओळख पटली आणि ते आपापल्या गावी गेले. विमानातले बहुतेक जण अजून त्या बर्फातच आहेत.