बागेत फेऱ्यांइतकेच थांबणेही हवे

अहिल्यानगरच्या सिद्धीबागेत आपण नित्य फिरायला जात असाल, तर किती फेऱ्या झाल्या हे आपल्याला अचूक ठाऊक असेल. परंतु ज्या झाडाच्या सावलीत आपण विसावता, त्याला पालवी केव्हा फुटली, हे सांगता येईल का? चालण्याने शरीराला लाभ होतोच. मनाला मात्र ओळखीचा सहवास लागतो, आणि ओळख थांबून पाहिल्याखेरीज होत नाही.

याच शहरातील भुईकोट किल्ल्यात ऑगस्ट १९४२ पासून पंडित नेहरू, मौलाना आझाद आदी नेते बंदिवासात होते. तेथील जमीन दगडगोट्यांची होती. नेहरूंनी भर उन्हातही ती खणून फुलझाडांसाठी वाफे तयार केले. मौलानांच्या खोलीत चिमण्यांनी ठाण मांडले. आधी त्यांनी त्यांना हुसकावले, पुढे तांदळाचे दाणे टाकून मैत्री जोडली. एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम निवर्तल्या. अखेरची भेटही घडली नाही. 'गुबार-ए-खातिर' या त्यांच्या पत्रसंग्रहात त्या शोकाशेजारीच चिमण्यांची कहाणी आहे.

एवढीशी हिरवळही उपकारक ठरते, असे १९८४ मध्ये रॉजर उलरिख यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले. अमेरिकेतील एका रुग्णालयात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांना खिडकीतून झाडे दिसत, ते विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले. त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली.

म्हणून बागेतील एक बाक आणि एक झाड आपले म्हणून निवडावे. फिरून झाल्यावर तेथे दहा मिनिटे स्वस्थ बसावे. पाने, पाखरे, बुंध्यावरील मुंग्या यांत काल नव्हते असे काय आहे, ते पाहावे.

घरातील वडीलधाऱ्यांना बागेत नेणाऱ्यांनी घाई करू नये आणि मोबाईल खिशातच ठेवावा. पादत्राणे न घसरणारी असावीत. ऊन चढण्यापूर्वी परतावे. ज्यांची स्मृती क्षीण झाली आहे, त्यांना झाडाचे नाव विचारून अवघडून टाकू नये. बकुळीचे फूल किंवा कडुनिंबाचा मोहोर हाती द्यावा. गंधाने एखादी जुनी आठवण आपोआप जागी होईल.

जे घराबाहेर पडू शकत नाहीत, त्यांची खाट खिडकीकडे वळवावी. तुळशीची एक कुंडी दृष्टीसमोर ठेवावी आणि शक्य असेल तर तिला पाणी घालण्याचे काम त्यांच्याकडेच सोपवावे.